घरची माणसं किती

माझं अक्षर चांगलं होतं, तिथंच सगळा घोटाळा झाला. वाईट असतं तर मास्तरांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं आणि आज मी हे लिहीत बसले नसते. लोक म्हणतात म्हातारपणी जुनं गोड लागतं. लागत असेल बाप्पा कुणाला. मला त्यातलं एक आठवलं की अजून घास तोंडातल्या तोंडात फिरतो, आणि ते सांगायचं तर आधी आमचं घर सांगावं लागेल.

धामणगाव बढे आमचं गाव. बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर घर, पुढं ओटा, मागं परसात विहीर. कापसाच्या दिवसांत मलकापूरकडं जाणाऱ्या बंड्या उजाडायच्या आधीच सुरू व्हायच्या, त्यांच्या बैलांच्या घुंगरांनी मला जाग यायची. मी उठेपर्यंत माझ्या थोरल्या बहिणीचं, वेणूताईचं, अर्धं काम उरकलेलं असायचं. सडा झालेला, पाणी भरलेलं, चुलीवर भाकरी थापण्याचा आवाज. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल. आमचे बाबा जेवताना कधी कशाला चांगलं म्हणत नसत, पण ती भाजी असली की भाकर मोजत नसत. माय दम्यानं थकलेली, धाकटा भाऊ सात-आठ वर्षांचा आणि मी चौदाची. घर चालत होतं ते वेणूताईच्या जिवावर, हे आज मी सरळ लिहिते. तेव्हा असं म्हणायची सोय नव्हती.

सोय का नव्हती, तर वेणूताई पाहुणी होती. तिचं लग्न पंधराव्या वर्षी रोहिणखेडला झालेलं. पाच वर्षं नांदली, मूल झालं नाही, आणि एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवसांसाठी माहेरी आली ती न्यायला कुणी आलंच नाही. त्यानंतर दोन आखाज्या गेल्या. तिकडं नवऱ्यानं दुसरी केल्याचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण आमच्याकडं टाकलेल्या लेकीला टाकलेली म्हणत नाहीत. बाजारात कुणी विचारलं, "वेणू कवा आली वं?" की माय सांगायची, "आत्ता तं आली, जाईन आठ-पंधरा दिवसांत." विचारणारीही मान हलवून म्हणायची, "राहू दे वं चार दिवस, मायेजवळ." दोन वर्षं हेच प्रश्न आणि हेच उत्तर. आमच्या घराण्यात पाट लागत नसे, म्हणजे बाईला दुसऱ्यांदा संसार नाही. तेव्हा ती पाहुणी राहिली तरच परत जायची आशा राहणार होती. बाबा त्या आशेला धरून बसले होते. वाईट माणूस नव्हता माझा बाप. भित्रा होता, आणि त्यानं जास्त नुकसान होतं.

त्या वर्षी शाळेचे मास्तर गावात घरोघर फिरू लागले. आम्ही तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो, कारभार नागपूरचा. इंग्रज जाऊन फार दिवस झाले नव्हते. दिल्लीला देशाची घटना लिहिणं चाललं होतं, आणि ती पुरी व्हायच्या आतच मतदारांच्या याद्या करायचा हुकूम आला होता. मास्तरांनी मारुतीच्या पारावर लोकांना बसवून समजावलं. म्हणाले, आधी मत कोणाले होतं? ज्याच्यापाशी शेत, शेतसारा, शिक्षण त्याले. आता तसं नाही. एकवीस वर्षांचा कोणीही, गडी असो का बाई, शिकला असो का अंगठेबहाद्दर, एक माणूस एक मत. राजा नाही का मालक नाही, सरकार आपणच निवडाचं, आणि ते चुकलं तं आपणच बदलाचं. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, पाटलाचं मत आन् माह्यं मत एका वजनाचं म्हनता?" मास्तर म्हणाले, "हाव. काटा एकच." लोक हसले. बायका पाराच्या मागं घागरी घेऊन उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. वेणूताई त्यांच्यात होती. मी तिच्याकडं पाहिलं तर ती डोक्यावरचा पदर दाताखाली धरून ऐकत होती.

पण मास्तरांची गाडी दुसऱ्याच दिवशी अडली. बायका नाव सांगेनात. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगायचं नाही, नवऱ्याचं तर तोंडातच आणायचं नाही. बाहेरून मास्तर विचारत, "बाईचं नाव?" आतून बांगड्या वाजत, बस्स. आजूबाजूच्या गावांत म्हणे सरळ 'अमक्याची बायको', 'तमक्याची माय' असंच लिहून टाकत होते. आमच्या मास्तरांना ते पटेना. ते म्हणाले, बायको हे काही नाव नव्हे, अशी यादी वरून परत येईल. म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी त्यांच्या शाळेत चौथी झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि मुख्य म्हणजे मी पोरगी. मास्तर ओट्यावर बसायचे, मी चुलीपर्यंत जायची आणि नाव कानात घेऊन बाहेर यायची.

काय दिवस होते ते. एवढा मान मला पुढं हेडमास्तरीण झाल्यावरही मिळाला नाही. बायका मला जवळ ओढून कानाशी कुजबुजायच्या, आणि सांगताना लाजायच्या. एकेकीला दोन नावं, माहेरचं एक, सासरचं एक. मी विचारायची, कोणतं लिहू? कुणी सासू ऐकते का ते पाहून हळूच माहेरचं सांगायची. एका म्हातारीला नाव विचारलं तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "थांब पोरी, आठवू दे. चाळीस वर्षं झाली, कोनी हाकच नाही मारली." मग एकदम "सोनी" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मी ते रोज संध्याकाळी घरी येऊन वेणूताईला सांगायची. ती भाकरी थापता थापता ऐकायची. "आज कोनाकोनाचं आणलं?" असं तिचं रोजचं विचारणं. मला वाटे तिला गंमत वाटते. ती वाट पाहत होती की मी तिचं नाव कधी विचारीन. हे मला तेव्हा कळलं नाही. चौदा वर्षांची घोडी होते मी, कळायला हवं होतं.

आमच्या घराचा कागद मास्तरांनी माझ्याच हाती दिला. म्हणाले, "तुह्या घराचं तूच लिही, बाबांना दाखव आन् आणून दे." बाबा ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मी दौत-टाक घेऊन त्यांच्यापुढं मांडी घातली.

"घरची मानसं किती, एकवीसच्या वरची?" मी विचारलं.

"लिही, दोन. मी आन् तुही माय."

"आन् वेणूताई?"

अडकित्ता थांबला. बाबा माझ्याकडं न पाहता म्हणाले, "ते पाहुनी हाये. सहा महिने गावात राहते त्याचंच लिहा लागते. पाहुन्याचं लिहत नाहीत."

मी दोनच नावं लिहिली. लिहून शाई टिपायला वाळू टाकली, झटकली, कागद उभा धरून अक्षर पाहिलं आणि मला ते छान वाटलं. अख्ख्या गावातल्या बायांची नावं मी चुलीपासून ओट्यापर्यंत आणली आणि पाच हातांवर भाकरी थापत बसलेल्या सख्ख्या बहिणीचं सोडलं. मला जबरदस्ती कुणी केली नाही. ती पाहुणी आहे हे मलाही खरंच वाटत होतं, इतक्या वेळा ऐकलं होतं ते.

कच्ची यादी चावडीवर वाचून दाखवली त्या दिवशी बायकाही गेल्या होत्या. आपलं नाव चारचौघांत कसं ऐकू येतं याचं कौतुक. सोनी म्हातारीचं नाव आलं तेव्हा ती दोन्ही हातांनी कान धरून बसली. आमचं घर आलं. बाबांचं नाव झालं, मायचं झालं, आणि पुढचं घर सुरू झालं. वेणूताई माझ्या शेजारी उभी होती. ती घागर कमरेवर घेऊन घराकडं चालू लागली. परसात आल्यावर तिनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "माह्यं नाव काऊन नाही वं सिंधू?"

मी म्हणाले, "बाबा म्हणाले तू पाहुनी आहेस."

"लिहलं कोनं?"

"मी."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "असं व्हय," आणि पाणी काढायला लागली.

त्यानंतर ती एकाच गोष्टीच्या मागं लागली. इथं नाही तर मग रोहिणखेडला असेल. तिथं तरी लिहिलं असेल, लग्न तर झालंय. आमच्याकडं एक मणियार चाचा बांगड्या घेऊन येत, आठवड्याला गावं फिरत, रोहिणखेडलाही जात. वेणूताईनं त्यांना ओट्याच्या कडेला गाठून सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, "बेटी, मी पाहून येतो. वाचता येते मले." आठ दिवस ती बांगड्यांच्या हाकेकडं कान लावून होती. चाचा आले ते पेटी न उतरवताच उभे राहिले. म्हणाले, "मी सोता वाचलं बेटी, दोनदा वाचलं. त्याच्या नावाखाली त्याची बायको अशी एकच ओळ हाये." ती कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्या बाईला बांगड्या चाचाच भरत होते. त्यांचा चेहरा इतका ओशाळला होता की जणू ती यादी त्यांनीच केली.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते मी नीट सांगूही शकत नाही. वेणूताई जेवेना. कामं सगळी करायची, सगळ्यांना वाढायची, आणि आपलं ताट घ्यायचीच नाही. माय म्हणाली, "अवं खा वं बाई, यादीत नसलं म्हनून पोट नाही का?" ती म्हणाली, "दोन्ही गावचे लोक म्हंतात मी नाही. मग खाते कोन?" भर दुपारी ती विहिरीच्या काठावर जाऊन बसायची, पाय आत सोडून. मी शिवण घेऊन तिच्या मागं बसायची. ती म्हणायची जा, मी जायची नाही. मला आत पाण्याचा आवाज आल्याचा भास व्हायचा आणि मी शिवण टाकून उठायची. देवाला किती नवस बोलले असेन त्या दिवसांत. एकदा मी रडत तिचे पाय धरले, म्हटलं, मी चुकलो ताई, मले माफ कर. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "तुही चूक नाही. पण सिंधू, मी मेलो तं कोनत्या गावात कमी होईन, तूच सांग."

मी मास्तरांकडं पळत गेले. सगळं ओकले. मास्तर कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "ज्याचं राहिलं त्याले अर्ज करता येते. यादी तपासाले साहेब येनार हायेत चावडीवर. पण तिनं सोता आलं पाह्यजे आन् इथंच राहते हे दाखवलं पाह्यजे." अर्ज मी लिहिला. या वेळी अक्षर वाकडं आलं.

बाबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत, हेच भयंकर होतं. ते वेणूताईपुढं खाली बसले, जमिनीवर. कधी बसत नसत. "पोरी," ते म्हणाले, "हे लिहलं का सपलं. ते लोक म्हनतीन, बापानंच लिहून देल्लं का पोरगी आमची हाये. मंग कोन्या तोंडानं तुले धाडू मी? माह्यं आयकून घे. आज ना उद्या येतीन न्यायले."

"कोनी येत नाही, बाबा."

"येतीन."

"तुमी दोन वर्सं रस्ता पाहून राह्यले. मी थकलो."

बाबांनी तिचा हात धरला होता. माय दारात उभी राहून रडत होती आणि म्हणत होती, "सिंधूचं लगीन राह्यलं आहे, माये, तिच्याकडं पाह्य." माझं नाव निघाल्यावर वेणूताईनं हात सोडवून घेतला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, जा म्हणून. माझ्या आयुष्यात शहाणपणाचं मी जे थोडं केलं त्यात ही मान हलवणं धरते.

साहेब पंचेचाळिशीचे, टोपीवाले, उन्हानं बेजार झालेले. चावडीत माणसं दाटलेली. वेणूताई उंबऱ्याच्या आत आली, पदर ओढलेला, आणि मी तिच्या मागं. बाबा भिंतीशी पाटलाजवळ बसले होते. साहेबांनी अर्ज वाचला. "नाव?"

माझ्याकडं सगळ्यांनी पाहिलं, कारण बायांची नावं आणून द्यायचं काम माझं. पण वेणूताई माझ्या कानाशी वाकली नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "वेणू." कुणीतरी मागं खाकरलं.

"नवऱ्याचं नाव?"

तिनं पदर आणखी पुढं ओढला. मास्तर हळूच म्हणाले, साहेब, बापाचं लावता येते. साहेबांनी बाबांकडं पाहिलं. "काय हो, ही तुमच्याकडं राहते? सहा महिने झाले?"

बाबांनी आधी पाटलाकडं पाहिलं. ते म्हणाले, "लेक हाये, साहेब. येते-जाते. पाहुनी हाये."

चावडीत एकानंही तोंड उघडलं नाही. एवढे लोक बसले होते, रोज तिला पाण्याला जाताना पाहणारे, तिच्या हातचं खाल्लेले. सगळ्यांना वाटत होतं आपण बाबांची लाज राखतो आहोत. तिची कोण राखणार होतं? साहेब टाक खाली ठेवणार तेवढ्यात वेणूताईनं पदराची गाठ सोडली आणि रेशनचं कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं. कंट्रोलचा जमाना होता तो, साखर, रॉकेल, कापड सगळं माणशी मिळायचं. कार्डावर आमच्या घरची माणसं पाच लिहिली होती, आणि खाली बाबांची सही.

"साहेब," ती म्हणाली, "माह्या वाट्याची साखर दोन वर्सं या घरात येते. साखरेले मी घरची हाये. मग मताले काऊन नाही?"

साहेबांनी कार्ड उलटून पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "सही तुमची?"

"माही."

"मग कार्ड खोटं का तुम्ही आता बोलला ते खोटं?"

बाबा उठून पुढं आले. मला वाटलं ते तिला बाहेर ओढतील. त्यांनी टाक मागितला. साहेबांनी तिथल्या तिथं लिहिलेला जबाब, की वेणू ही माझी मुलगी, दोन वर्षांपासून माझ्या घरी कायम राहते, तो त्यांनी सबंध वाचला, ओळीवर बोट ठेवून वाचला, आणि सही केली. सही करताना ते रडत होते. सगळ्या गावासमोर माझा बाप रडला, आणि मी त्या वेळी आनंदानं वेडी झाले होते. मला त्याची लाज अजून वाटते आणि तो आनंदही अजून खोटा वाटत नाही. दोन्ही खरं.

पुढं घटना आली, छापली गेली. मी शिक्षिका झाले तेव्हा पोरींना ती शिकवली. कायद्यापुढं सगळे समान, हे वाक्य फळ्यावर लिहिताना दर वर्षी हात थांबायचा. पुस्तकात ते किती सोपं आहे. ते घरात आणायला कुणाला तरी बापाच्या तोंडावर बापालाच खोटं पाडावं लागतं, हे पुस्तकात नाही, आणि माझ्याच्यानं पोरींना सांगवलंही नाही. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून सोडून दिलं, असं स्वतःला समजावत आले.

बाबा तेव्हापासून वेणूताईशी बोलले नाहीत. तिनं वाढलेलं खायचे, पाणी मायकडं मागायचे. तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी रोहिणखेडची बंडी दाराशी थांबली. गड्यानं वेणूताईची लग्नातली लोखंडी पेटी ओट्यावर उतरवली, वर तिची तांब्याची घागर ठेवली. म्हणाला, "मालकानं सांगतलं, तुमी सरकारात लिहून देल्लं का पोरगी तुमची. मंग सामान बी तुमचं." आणि बैल वळवले. आत माय ऊर बडवून रडू लागली, मयत झाल्यासारखी. शेजारच्या बायका ओट्याशी जमल्या. कुणी आज विचारलं नाही, वेणू कवा आली म्हणून.

वेणूताईनं पेटीची एक कडी धरली. तिला एकटीला ती उचलेना. मी धावले, पण माझ्या आधी बाबा उठले आणि त्यांनी दुसरी कडी धरली. दोघांनी पेटी उंबऱ्यातून आत नेली. मधल्या खोलीत येऊन ती थांबली. धाप लागलेली, डोळे जमिनीवर.

"कुठं ठेवू, बाबा?"

बाबांनी खोलीभर पाहिलं. "ठेव कुठंबी," ते म्हणाले. "आता इथंच राहाचं हाये तुले."